गणितातली माणसं

क्लार्क बाईंकडे बुक कीपिंगचं गणित घेऊन गेलं, की त्या आधी गणितातल्या माणसांची चौकशी करायच्या. गणित राहायचं बाजूला. "अ आणि ब हे तीनास दोन या प्रमाणात नफा वाटून घेणारे भागीदार आहेत," एवढं मी वाचते न वाचते तोच त्यांचा हात वर.

"थांब. कोन हाये हे दोघं?"

आता अ आणि ब कोण आहेत हे मला काय ठाऊक! पुस्तकातले आहेत, दुसरं काय. पण बाईंना ते चालायचं नाही. "भाऊ हायेत का दोस्त? दुकान कायचं हाय? अन् एकाले तीन, एकाले दोन काऊन?"

"बाई, परीक्षेत हे विचारत नाहीत," मी म्हटलं. पहिलाच दिवस होता आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

"परीक्षेत नाई इचारत. पन तुलेच समजलं नाई तं तू लिहशीन काय? माया डोक्यातलं?"

मग आम्ही दोघींनी मिळून अ आणि ब यांना मावसभाऊ केलं, त्यांना बुलढाण्यात भांड्यांचं दुकान काढून दिलं, आणि अ ने जास्त भांडवल घातलं म्हणून त्याला तीन वाटे, हे ठरवलं. हे सगळं होईपर्यंत चहा पिऊन झाला होता. गणित मात्र नंतर वीस मिनिटांत सुटलं. माझा माझ्यावर विश्वास बसेना.

बाईंचं नाव कमल हिवाळे. बुलढाण्यातल्या एका शाळेत त्यांनी तीसेक वर्षं लिपिक म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर देऊळघाटला, आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांच्या घरात राहत होत्या. नवरा एसटीत ड्रायव्हर, तो तरुणपणीच वारलेला. मुलगा नाशिकला. कोणी मॅडम म्हटलं की बाई लगेच दुरुस्त करायच्या, "मॅडम वर्गात असते. मी ऑफिसात होती. मले क्लार्क बाई म्हन." हे त्या नम्रपणानं म्हणत असतील असं मला आधी वाटायचं. छे! त्यांना त्या शब्दाचा अभिमान होता. शाळेतली पोरं वर्गात न कळलेलं घेऊन मधल्या सुट्टीत ऑफिसच्या खिडकीशी यायची आणि बाई हजेरीपटावरून मान वर न करता समजावून सांगायच्या. ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. शिकवणीचे पैसे त्यांनी कधी कोणाकडून घेतले नाहीत. कोणी पिशवीत वांगी नाहीतर मेथी टाकून आणली, तर ती मात्र हक्कानं ठेवून घ्यायच्या.

मी काही शाळेतली पोर नव्हते. मी छत्तीस वर्षांची बाई, देऊळघाटच्या अंगणवाडीत मदतनीस. मुलांना घरोघरून गोळा करायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, झाडून घ्यायचं. बारा वर्षं हेच. आमच्या सेविकाबाई पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. त्या जागेवर मला घ्यायचं तर बारावी पास पाहिजे, असं सुपरवायझर मॅडमनी तोंडावर सांगितलं होतं. नाहीतर बाहेरची एखादी पोरगी सेविका म्हणून येणार आणि मी तिच्या हाताखाली जन्मभर झाडू मारणार. अकरावी कॉमर्स झाल्या झाल्या माझं लग्न झालं होतं. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरताना सगळे म्हणाले, आर्ट्स घे, सोपं जातं. मी म्हटलं, जिथं सोडलं होतं तिथूनच धरीन. घ्या शहाणपणा! दोनदा परीक्षेला बसले. बाकीचे चार विषय निघाले, पण बुक कीपिंग आणि इंग्रजी दोन्ही वेळा राहिले. घरात नवरा काही बोलला नाही, पण सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या घरात दोघी जनी शाळेत जाते, एक नात अन् एक सून." अशा वेळी तिसऱ्या परीक्षेला सहा-सात महिने असताना मी क्लार्क बाईंच्या दारात गेले. नाक मुरडतच गेले, खोटं कशाला बोलू.

अंगणवाडी सुटल्यावर दुपारी चारला मी जायचे. माझ्याबरोबर आफरीन नावाची बारावीतली मुलगी असायची. ती हुशार, पटापट गणितं करणारी, आणि मी तिच्या दुप्पट वयाची ढ. बाई आम्हा दोघींना एकाच तागडीत तोलायच्या. आफरीनचं उत्तर बरोबर आलं तरी, "उत्तर आलं ते ठीक. ब नं दुकान सोडलं काऊन ते सांग," म्हणून तिला अडवून धरायच्या. आफरीन मग वैतागून, "उसकी बीवी को पसंद नहीं था, बाई," असं काहीतरी ठोकून द्यायची. बाई खूश.

पुस्तकात ख्याती नावाचा एक प्रकार असतो. दुकानाची ख्याती, तिचं मूल्यमापन, तिची नोंद. मला ते काही केल्या डोक्यात शिरेना. दिसत नाही, हातात येत नाही, आणि तिची किंमत कशी काय काढायची?

"तू ब्लाऊज कोनाकडे टाकतं?" बाईंनी विचारलं.

"खालच्या आळीतल्या सुलूबाईकडे."

"घराजोळ तं टेलर हाय तुया. त्याले सोडून तिकडे काऊन जातं?"

"सुलूबाई काखेत बरोबर शिवते. ह्याचं काखेत कचतं."

"मंग. ते जे काखेत कचत नाई ना, ते म्हनजे ख्याती. उद्या सुलूबाईनं दुकान दुसरीले देलं, तं नुसती मशीन देईन का ती? गिऱ्हाइकं बी देईन. त्याचे पैसे नाई घ्याचे का तिनं?"

त्यानंतर ख्यातीचं एकही गणित माझं चुकलं नाही. परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा ख्यातीचा प्रश्न पाहिल्याबरोबर माझा हात आपोआप काखेकडे गेला.

पण भागीदाराच्या मृत्यूचं प्रकरण आलं तेव्हा बाई वेगळ्या झाल्या. आफरीननं नेहमीसारखं भराभर वाचलं, "क यांचा तीस सप्टेंबर रोजी मृत्यू झाला," आणि पुढच्या ओळीवर गेली. बाई म्हणाल्या, "हळू. मानूस मेला ना वं." आम्ही दोघी हसलो. बाई हसल्या नाहीत. "त्याच्या मांगं कोन हाय?" आफरीन म्हणाली, "बायको असेल." "असेल नाई, हाय. तिले दुकानातलं काई समजत नाई. ते दोघं भागीदार आता तिच्यापुढं कागद ठेवनार. त्या कागदावर तिच्या नवऱ्याचा वाटा बरोबर असला पाह्यजे, म्हनून हे गनित हाय. पोरीहो, हे तिच्यासाठी सोडवा."

त्या दिवशी आम्ही ते गणित तीन वेळा तपासलं. निघताना मी बाईंना विचारलं, तुम्ही हे सगळं कुठं शिकलात? त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "नवरा गेला तवा ऑफिसातून इंग्रजी कागद आला. मी न वाचता सही केली. एकच खेप." त्या सहीनं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. एवढी अक्कल मला आहे.

इंग्रजीच्या बाबतीत त्यांचा एक हट्ट होता. पत्र लिहायचं ते खरं लिहायचं आणि पोस्टात टाकायचं. गाइडमध्ये असतात तसल्या, न बघितलेल्या मॅनेजरला न घेतलेल्या पंख्याची तक्रार करणाऱ्या पत्रांचा त्यांना राग होता. "तुले खरी तकलीफ कायची हाय? तेच लिही." मला खरी तकलीफ एसटीची होती. दुपारची बस आमच्या फाट्यावर हात केला तरी थांबायची नाही. मी चार दिवस खपून डेपो मॅनेजरला इंग्रजीत पत्र लिहिलं, आफरीनकडून तपासून घेतलं आणि पेटीत टाकलं.

तीन आठवड्यांनी पोस्टमन गल्लीत हातात लिफाफा घेऊन घरोघर विचारत फिरायला लागला. लिफाफ्यावर टाइप केलेलं होतं: श्रीमती एक्स. वाय. झेड., मु. पो. देऊळघाट. झालं होतं काय, की बोर्डाच्या परीक्षेत पत्राखाली स्वतःचं नाव लिहायचं नाही, एक्सवायझेड लिहायचं, हे आमच्या डोक्यात इतकं ठोकून बसवलेलं, की मी खऱ्या पत्राखालीही तेच लिहून मोकळी झाले होते! बिचाऱ्या डेपोनं त्या नावानं तक्रारीची नोंद घेतली होती. किराणा दुकानदार पोस्टमनला सांगत होता, "ह्या नावाची बाई तं मी जिंदगीत नाई पाह्यली, केरळची असन." मी पदराआड तोंड लपवून लिफाफा घेतला. पुढचे दोन महिने आळीत माझं नाव एक्सवायझेड बाई होतं. सासूबाईंना तर आयतंच सापडलं.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "लिही पुन्हा. ह्या टायमाले नाव टाक. नाव नसन तं तकलीफ कोनाची समजाव त्यायनं?" मी पुन्हा लिहिलं, खाली वंदना म्हणून सही केली, आडनावासकट. बस पंधरा दिवस थांबली. मग ड्रायव्हर बदलला आणि पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. पण ते पंधरा दिवस मी रोज फाट्यावर उगाचच उभी राहायचे, बस थांबताना बघायला.

डिसेंबरात एक दिवस मी घाईत वहीऐवजी अंगणवाडीचं वजनाचं रजिस्टर उचलून नेलं. निळं पुठ्ठ्याचं, वहीसारखंच. बाईंच्या हातात दिलं आणि पाणी प्यायला आत गेले. बाहेर आले तर बाई पानं उलटत होत्या. "ताळेबंद बरा झाला ह्या वेळी," त्या म्हणाल्या. "अक्षर बी सुधारलं तुयं."

मी बघितलं. पानावर गल्लीतल्या पोरांची नावं आणि किलो-ग्रॅम होते. माझी जीभ कधी थांबली आहे म्हणून तेव्हा थांबेल! फाडकन म्हणाले, "बाई, हे पोरांच्या वजनाचं रजिस्टर आहे."

त्यांचा हात पानावरच राहिला. मग त्यांनी रजिस्टर मिटलं आणि माझ्या दिशेनं पुढं केलं. दिशा जरा चुकली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन साल झाले. साखरेनं गेले. उजेड समजते, मानूस समजते. अक्षर नाई समजत."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तू आली असती? क्लार्क बाईले दिसत नाई म्हनलं, की पोरी दुसऱ्या दारी जाते. मंग मी दिवसभर कोनाशी बोलू वं?"

मला रडू आलं आणि रागही आला. राग त्यांचा नाही, माझाच. पाच महिने मी त्यांच्यासमोर बसून गणितं वाचत होते, माणसांची चौकशी करत होते, आणि मला वाटत होतं ही त्यांची शिकवायची तऱ्हा आहे. म्हणजे तऱ्हा होतीच. आधीपासून त्या पोरांना मोठ्यानं वाचायलाच लावायच्या, त्यामुळे डोळे कधी गेले ते कोणाला कळलंच नाही. आम्ही वाचायचो तेव्हा सगळे आकडे त्या डोक्यात मांडून ठेवायच्या, दोन्ही बाजूंना, ओळीनं. मी त्या दिवशी शपथ घेतली, कोणाला सांगणार नाही. आफरीनलाही सांगितलं नाही. नंतर कळलं की आफरीनला दिवाळीपासून ठाऊक होतं आणि तीही मला सांगत नव्हती.

फेब्रुवारीत मी तिसऱ्यांदा पेपर दिले. बुक कीपिंगचा पेपर देऊन आले ती नाचतच. इंग्रजीबद्दल मात्र मी गप्प होते. उताऱ्यात समुद्रातल्या कासवांचं काहीतरी होतं आणि ते कासव अंडी घालून कुठं गेलं तेच मला कळलं नव्हतं.

निकाल लागला तो मे महिन्यातला दिवस आणि बाईंचा मुलगा त्यांना कायमचं नाशिकला न्यायला आला तो दिवस, एकच. घराला कुलूप लागलं होतं. मी बुलढाण्याहून निकालाचा कागद छापून आणला आणि रिक्षा फाट्यावर थांबते न थांबते तोच उतरले. बाई थांब्यावर एका गाठोड्यावर बसल्या होत्या. मुलगा तिकिटाचं विचारायला पलीकडे गेला होता. माझा आवाज ऐकला आणि त्यांनी हात पुढे केला. "आन. लागला ना निकाल? वाच."

वाटेत मी ठरवलं होतं, खरं सांगायचं. पण त्यांनी तो हात असा काही पुढे केला होता!

"मराठी अठ्ठावन्न," मी म्हटलं.

"हं."

"इंग्रजी..." कागदावर एकोणतीस होते. पासला पस्तीस लागतात. "छत्तीस."

"छत्तीस!" बाईंचा चेहरा उजळून निघाला. "एक मार्क उगाचच जास्त देला वं तुले. हं, पुढं."

"बुक कीपिंग चौसष्ट. अर्थशास्त्र सत्तेचाळीस. वाणिज्य संघटन एक्कावन्न. चिटणिसाची कार्यपद्धती त्रेपन्न."

"एकून?"

आणि मी मूर्ख बाई, कागदावर खाली जे छापलेलं होतं तेच वाचलं. "तीनशे दोन."

बाईंचे ओठ जरासे हलले. "पुन्हा वाच एकून."

"तीनशे दोन."

"तीनशे नऊ होते, वंदना."

मी कागदाची घडी घातली. "मशीनची चूक असेल, बाई."

"मशीन बेरजेत नाई चुकत. सात. इंग्रजीच ना?"

"हाव."

मी रडायला लागले. फाट्यावर भर उन्हात, चार माणसं बघत असताना. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मले काऊन फसवलं?"

"तुम्ही जाऊन राहिल्या म्हणून."

"मी जाऊन राह्यली, परीक्षा थोडी जाऊन राह्यली! जुलैचा फॉर्म कधीपासून हाय?"

"सोमवारपासून."

"मंग सोमवारी भर. अन् रोज चार वाजता फोन करजो. तू उतारा वाच, मी आयकते. कासवाचं काय झालं ते बी पाहू एकदा."

पुढं तसंच झालं. जून आणि जुलै, रोज चारला मी अंगणवाडीच्या ओट्यावर फोन ठेवून उतारे वाचले आणि नाशिकहून बाई विचारत राहिल्या, कोण आहे यात, ते तिथं कशाला गेलं, त्याला घरी कोण आहे. आमच्या सेविकाबाई निवृत्त झाल्या, त्यांचा कार्यभार शेजारच्या अंगणवाडीकडे गेला, जागा भरायला अजून अवकाश होता. ऑगस्टमध्ये इंग्रजीत एक्केचाळीस पडले. बाईंना फोन केला, तर त्यांनी सहाच्या सहा विषय वाचायला लावले, नुसत्या इंग्रजीवर भागवलं नाही. एकूण तीनशे चौदा. पलीकडे बाईंनी पुटपुटत बेरीज केली, आणि मग, "जुळलं. सेविका बाई, जय भीम!" मी आता सेविका आहे. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, बाई गेल्या म्हणून. त्या फाट्यानंतर आमची पुन्हा भेट झाली नव्हती.

निकालाच्या त्या दिवशी फाट्यावर बस आली तेव्हा मुलानं त्यांना दंड धरून वर चढवलं आणि खिडकीशी बसवलं. मी खाली, बसच्या मागच्या चाकाजवळ उभी होते. बस सुरू झाली तसा बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवायला लागल्या, पण मी होते तिकडे नाही, पुढच्या बाजूला, चहाच्या टपरीकडे. टपरीवाला किटली हातात धरून बघत राहिला, ही बाई आपल्याला का निरोप देते आहे म्हणून. मी पदर खोचला, बसच्या कडेकडेनं पळत गेले आणि त्या टपरीपुढे, बाई हात करत होत्या तिथं जाऊन उभी राहिले.